आईचें दुखणें

मुलगा शिकण्यासाठीं परदेशीं निघाला म्हणजे घरांत जी लगबग उडते ती आपणांस परिचयाची आहे. निरोप देऊन मंडळी घरीं परततात. पण त्यानंतर त्या घरांत जें मागें उरतें, त्याची नोंद इतिहासांत सहसा होत नाहीं. आज मी ज्या विद्यार्थ्याची हकीकत सांगणार आहें, त्याच्या बाबतींत मात्र या मागें उरलेल्या गोष्टीनेंच मनोवैद्यकाला नवें वळण दिलें. त्याचें नांव अॅडॉल्फ मायर.

झूरिकजवळच्या नीडरवेनिंगेन या खेड्यांत एका पाद्र्याच्या घरीं १८६६ सालीं त्याचा जन्म झाला. वडील आत्म्याची चिंता वाहणारे, चुलते शरीराचे वैद्य. मुलानें वैद्यकाचा मार्ग धरला. झूरिकला त्याला ऑगस्ट फोरेलसारखा गुरु लाभला. फोरेल तेथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख, आणि मेंदूच्या रचनेचे नामांकित अभ्यासक. मायरनें पॅरिस, लंडन, एडिंबरो हीं ठिकाणें पाहिलीं आणि १८९२ सालीं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूवर प्रबंध लिहून पदवी मिळविली. मायदेशीं मनाजोगत्या जागेचा रंग दिसेना, म्हणून त्याच वर्षीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्यानें अमेरिकेची वाट धरली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. थोरांच्या चरित्रांत बालपणींच एखादा संकल्प झाल्याचें वाचावयास मिळतें. मायरच्या बाबतींत तसें कांहीं नव्हतें. तो गेला तो मेंदूचे काप पाहणारा शास्त्रज्ञ म्हणून. दुःखितांचें मन जाणावें ही ओढ त्याला तेव्हां नव्हती. शिकागोच्या नव्या विद्यापीठांत जागा मिळाली, पण ती बिनपगारी. पोटापाण्याची सोय हवी म्हणून १८९३ सालीं त्यानें शिकागोच्या दक्षिणेस कँकाकी या गांवीं सरकारी वेड्यांच्या इस्पितळांत नोकरी धरली. काम काय, तर मेलेल्या रोग्यांचे मेंदू तपासून वेडाचें कारण शोधणें. मेंदू हातीं येत. पण ज्याचा मेंदू त्यानें आयुष्यांत काय सोसलें याची धड टिपणें इस्पितळांत नव्हतीं. टिपणांवांचून त्या कापांना अर्थ कसा यावा?

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें त्याच्या आईला विषण्णतेचा विकार जडला. दूर गेलेला मुलगा मरण पावला आहे, अशी तिची पक्की समजूत होऊन बसली! मुलगा जिवंत, धडधाकट. पण तें तिला पटेना. वेड हें कुळांतून उतरतें, एकदां मेंदू बिघडला कीं बिघडला, असा विचार त्या काळच्या वैद्यकांत प्रबळ होता, आणि मायर त्याच मुशींतून आलेला. आतां पाळी आली ती स्वतःच्या आईवर. त्याच्या दृष्टीनें तिच्याइतकी समतोल बुद्धीची माणसें त्यानें फार थोडीं पाहिलीं होतीं. तिला सदोष कुळाची म्हणावें, तर तें कूळ त्याचेंहि होतें. आणि दुखण्याचें कारण शोधूं जावें, तर तें मेंदूच्या कापांत नसून बोटीच्या तिकिटांत होतें. पुढें ती बरी झाली. ही गोष्टहि गुरुजनांच्या सिद्धांतांत बसण्याजोगी नव्हती.

मला वाटतें, मायरचा खरा प्रवास येथून सुरू झाला. एकट्या आईच्या दुखण्यानें सारें घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. कँकाकीचा अनुभव आणि शिकागोंतील समाजसेवकांचा सहवास यांनींहि त्याला घडविलें. पण मेलेल्याचा मेंदू बाजूस ठेवून तो जिवंत रोग्याशीं बोलूं लागला. केव्हां दुखणें आलें, त्यापूर्वीं घरीं काय घडलें, कोण गेलें, कोण दुरावलें, हें विचारून लिहून ठेवूं लागला. १८९५ नंतर वूस्टर येथें आणि १९०२ पासून न्यूयॉर्क येथें त्यानें हीच पद्धति तरुण डॉक्टरांस शिकविली. रोग्याचें घर पाहिल्याखेरीज रोगी समजत नाहीं, म्हणून त्याची पत्नी मेरी ही रोग्यांच्या घरीं जाऊन चौकशी करूं लागली. अशा कामाला पुढें स्वतंत्र व्यवसायाचें रूप आलें, तेव्हां तिची गणना पहिल्या कार्यकर्त्यांत झाली.

१९१३ सालीं बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स इस्पितळांत फिप्स चिकित्सालय उघडलें आणि मायर त्याचे प्रमुख झाले. मनाचा रोगी गांवाबाहेरच्या कोटांत न ठेवतां इतर रोग्यांच्या शेजारीं आणला, हें त्यांतलें विशेष. मायर यांचें इंग्रजी मात्र शेवटपर्यंत जर्मन वळणाचें आणि अतिशय गुंतागुंतीचें. शिष्यांना अर्थ लावतांना घाम फुटे. त्यांचा ‘जीवन-तक्ता’ मात्र कोणासहि समजावा असा होता. एका कागदावर रोग्याच्या आयुष्याचीं वर्षें ओळीनें मांडावयाचीं, आणि त्यांच्या समोर आजार, शाळा, नोकऱ्या, घरांतले जन्म-मृत्यु आणि राहण्याच्या जागेंतील बदल लिहावयाचे. मुलगा परदेशीं गेल्याचें वर्ष अशा तक्त्यांत आईच्या नांवापुढें कोठें पडतें, हें मायर यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्यांचा शिष्य हेन्री कॉटन हा ट्रेंटन येथें वेड बरें करण्याच्या नांवाखालीं रोग्यांचे दांत उपटी, आंतडीं कापी. कित्येक रोगी त्यांत दगावले. मायर यांच्या सहकारी फिलिस ग्रीनॅकर यांनीं चौकशी करून हें उघडकीस आणलें; पण १९२६ सालचा तो अहवाल मायर यांनीं प्रसिद्ध होऊं दिला नाहीं. शिष्यावरील माया म्हणा, संस्थेच्या नांवाची भीति म्हणा. 

मायर १९४१ सालीं निवृत्त झाले आणि १७ मार्च १९५० रोजीं बाल्टिमोर येथेंच वारले. आपल्या शिक्षणाची गोष्ट सांगतांना आईच्या त्या दुखण्याचा उल्लेख ते टाळीत नसत.