तीन मतं एकाच्या पारड्यात

फेब्रुवारी १९३७ मध्ये भायखळा-परळच्या मतदारांसमोर दोन मोठी माणसं उभी होती. एक डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सहाच महिन्यांपूर्वी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते. दुसरे पालवणकर बाळू, डावखुऱ्या फिरकीने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे, चांभार समाजातून येऊन हिंदूंच्या संघाचा कणा बनलेले क्रिकेटपटू. बाळू काँग्रेसच्या तिकिटावर उभे होते. निकालात आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली आणि बाळूंना ११,२२५.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. हे आकडे फळ्यावर लिहिले की मुलं लगेच वजाबाकी करून सांगत, दोन हजार वीस माणसांचा फरक. मी त्यांना थांबवत असे. हे आकडे मतांचे आहेत, माणसांचे नाहीत. त्या निवडणुकीत एका मतदाराला एकाहून जास्त मतं होती आणि ती सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. म्हणून १३,२४५ मतांमागे किती माणसं होती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातला एवढा महत्त्वाचा नियम आपल्या पाठ्यपुस्तकांच्या हातून निसटला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोण जिंकलं ते आपण पाठ करतो, पण मतं कशी मोजली गेली हे विचारत नाही. खरं तर निम्मा इतिहास त्या मोजणीतच दडलेला असतो.

ही निवडणूक मुंबई इलाख्याच्या विधानसभेची होती आणि तो इलाखा आजच्या महाराष्ट्राहून वेगळा होता. गुजरातचे जिल्हे त्यात होते; धारवाड, विजापूर, बेळगाव, कारवारही होते. विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि मराठवाडा निजामाकडे. सिंध १९३६ मध्ये वेगळा झाला होता. १९३५ च्या कायद्याने इलाख्याच्या विधानसभेला १७५ जागा दिल्या आणि त्या पार चिरून वाटल्या. सर्वसाधारण ११४, मुसलमानांच्या २९, व्यापार-उद्योगाच्या ७, कामगारांच्या ७, स्त्रियांच्या ६, युरोपियनांच्या ३, हिंदी ख्रिस्त्यांच्या ३, अँग्लो-इंडियनांच्या २, जमीनदारांच्या २, विद्यापीठाची १ आणि मागास प्रदेश व जमातींची १. सर्वसाधारण ११४ पैकी १५ अस्पृश्य वर्गासाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव होत्या.

मतदार कोण, हा त्याहून कळीचा प्रश्न होता. सर्वांना मताचा अधिकार हे तेव्हा स्वप्नच होतं. खेड्यात किमान आठ रुपये शेतसाऱ्याची जमीन असेल तर मत. १९२० च्या निवडणुकीत बहुतेक जिल्ह्यांत ही अट बत्तीस रुपयांची होती, म्हणजे दार बरंच उघडलं होतं. मॅट्रिक किंवा व्हर्नाक्युलर फायनल झालेल्यांनाही मत होतं. अस्पृश्य वर्गाकडे जमीन नव्हती आणि शाळाही नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी अट सैल केली गेली. नुसतं लिहिता-वाचता येत असलं तरी पुरे, किंवा गावकीचं कनिष्ठ काम करत असलं तरी पुरे. या दुसऱ्या अटीपाशी मी दर वेळी थबकतो. ज्या महारकीतून सुटण्यासाठी आंबेडकर कायदे मांडत होते, तीच महारकी कित्येकांना मतदारयादीत घेऊन आली. सरकारचा टपाल वाहणारा, वेशीवर रात्र काढणारा, मेलेली ढोरं ओढणारा माणूस त्या कामाच्याच जोरावर मतदार झाला आणि ते काम संपवायला निघालेल्या पक्षाला मत देऊ शकला.

राखीव जागांचा पाया येरवडा तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेला पुणे करार हा होता. ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. गांधीजींच्या उपोषणानंतर ते सोडावे लागले. त्याच्या बदल्यात सर्व प्रांत मिळून १४८ राखीव जागा आल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. अस्पृश्यांचा प्रतिनिधी आता सगळे मिळून निवडणार होते. त्याला आळा म्हणून दोन टप्पे ठेवले गेले. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांची यादी ठरवायची आणि मग सर्व मतदारांनी मिळून त्यांतला एक निवडायचा. पण चारपेक्षा जास्त उमेदवार उभेच राहिले नाहीत, तर पहिला टप्पा होतच नसे. आणि झाला तरी त्यात चौथा आलेला माणूस बहुसंख्यांच्या मतांवर पुढे पहिला येऊ शकत असे. आंबेडकरांची तक्रार हीच होती. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ती सविस्तर मांडली.

अशा वेळी मत कसं द्यायचं हा प्रश्न जिवाभावाचा झाला. राखीव जागा ज्या मतदारसंघात असे, तिथे एकाहून जास्त प्रतिनिधी निवडायचे असत. मतदाराला जागांइतकी मतं. ती वेगवेगळ्या उमेदवारांना एकेकच द्यायची, की हवी तर सगळी एकालाच? मतदारसंघ आखणाऱ्या हॅमंड समितीसमोर हा वाद रंगला. आंबेडकर दुसऱ्या पद्धतीच्या, म्हणजे संचयी मतदानाच्या बाजूचे होते आणि मुंबई इलाख्यात तीच पद्धत लागू झाली. ही काही नवी कल्पना नव्हती. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर शाळा-मंडळांच्या निवडणुका याच पद्धतीने झाल्या आणि पहिल्याच वर्षी लंडनच्या मॅरिलबोनमधून एलिझाबेथ गॅरेट या डॉक्टर बाई सर्वाधिक मतं घेऊन निवडून आल्या. अमेरिकेत इलिनॉय राज्याने आपल्या कनिष्ठ सभागृहासाठी ही पद्धत १९८० पर्यंत चालवली.

वर्गात मी हे एका हिशेबाने समजावत असे. समजा, तीन जागांचा मतदारसंघ आहे, त्यांतली एक राखीव. हजार मतदार, प्रत्येकाला तीन मतं. मोठ्या पक्षाकडे ७४० मतदार आणि तीन उमेदवार, त्यांतला एक अस्पृश्य. लहान पक्षाकडे २६० मतदार आणि एकच उमेदवार, तोही अस्पृश्य. प्रत्येकाला एकेकच मत देता येत असेल, तर मोठ्या पक्षाच्या तिघांनाही ७४० मतं आणि लहान पक्षाच्या उमेदवाराला २६०. सगळ्या जागा मोठ्या पक्षाच्या. राखीव जागेवर माणूस अस्पृश्य असेल, पण त्याची नाळ बहुसंख्यांशी जोडलेली.

आता मतं एकवटायची मुभा द्या. २६० जणांची तीन-तीन मतं मिळून ७८० होतात. मोठ्या पक्षाची २,२२० मतं तिघांत वाटली की प्रत्येकी ७४०. राखीव जागा लहान पक्षाची. मोठ्या पक्षाने हुशारी करून आपल्या राखीव उमेदवाराला ७९० मतं दिली, तर उरलेल्या दोघांना ७१५ च पडतात. राखीव जागा त्यांना मिळते, पण ७८० मतांचा तो दुसरा अस्पृश्य उमेदवार सर्वसाधारण जागेवर निवडून येतो. कसंही वाटा, पाव हिश्श्याहून थोडे जास्त लोक एकजूट राहिले, तर त्यांना कोणी बाहेर ठेवू शकत नाही. मुलं वहीत हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहत, मोठ्या पक्षाला वाचवायचा प्रयत्न करत, आणि शेवटी मान्य करत. लोकशाहीचा याहून चांगला धडा मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

प्रत्यक्षात आणखी एक गोष्ट घडे. मोठ्या पक्षाच्या मतदारांनाही आपली मतं हवी तशी देता येत होती. ज्याच्या मनात आपल्या जातीचा, आपल्या पेठेचा उमेदवार आहे, तो सगळी मतं त्यालाच देऊन टाके आणि पक्षाच्या राखीव उमेदवाराच्या वाट्याला थोडीच उरत. याउलट परळच्या चाळींत आणि कोकणातल्या महारवाड्यांत तिन्ही मतं बाबासाहेबांच्या माणसाला, हा निरोप पक्का बसला होता. पण पाव हिस्सा मतदार एकट्या अस्पृश्य समाजातून मिळणं बहुतेक ठिकाणी अशक्यच होतं. म्हणून पक्षाचं नाव मजूर पक्ष, जाहीरनामा कुळांचा आणि कामगारांचा आणि उमेदवारांत अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण सहकारी. चित्रे आणि टिपणीस महाडच्या सत्याग्रहापासून सोबत होते. ही पद्धत एकजुटीला बळ देते, पण एकजूट आपल्या समाजाच्या कुंपणाबाहेर न्यायला लावते.

काँग्रेसने ८६ जागा जिंकल्या. बहुमताला दोन कमी. स्वतंत्र मजूर पक्षाने उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक सगळे निवडून आले. आधी धनजीशा कूपर यांचं अल्पकाळ टिकलेलं मंत्रिमंडळ आलं, जुलैत बाळासाहेब खेरांचं. समोरच्या बाकांवरून आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती म्हणजे कोकणातली जमीनदारी नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. महार वतनाचंही मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कामगारविरोधी कायद्याविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. पण खोताच्या कुळाची बाजू सभागृहात मांडणारा आवाज १९३७ मध्येच तिथे पोचला होता, आणि तो पोचवण्यात मत मोजण्याच्या रीतीचा वाटा होता.

पद्धत एकटी कोणालाच तारत नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९४६ मध्ये कायदा तोच होता, तरी काँग्रेसच्या लाटेत आंबेडकरांच्या नव्या पक्षाची, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची, धूळधाण झाली. मुंबईतून घटना समितीवर जाण्यासाठी आंबेडकरांमागे आमदार उरले नाहीत. तिथे दुसरी एक पद्धत मदतीला आली. घटना समितीचे सभासद प्रांतांच्या विधानसभांनी एकल संक्रमणीय मताने निवडायचे होते. या पद्धतीत पसंतीक्रम लिहायचा असतो आणि मोजक्या आमदारांचा गटही आपला माणूस निवडून आणू शकतो. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने आंबेडकर बंगालमधून निवडून आले. फाळणीनंतर ती जागा गेली, तेव्हा बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते मुंबईतून परतले.

स्वतंत्र भारतात संचयी मतदान टिकलं नाही. १९५१-५२ च्या लोकसभा निवडणुकीत द्विसदस्य मतदारसंघ राहिले, पण दोन मतं दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची होती. उत्तर मुंबईत आंबेडकर काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून सुमारे पंधरा हजार मतांनी हरले. सत्तर हजारांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या होत्या. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एक वाया जाई. मतं जाणूनबुजून कुजवली गेली, असा आरोप आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकेत केला. याचिका फेटाळली गेली. १९३७ मध्ये एकाच उमेदवाराला सगळी मतं देणं हा मतदाराचा हक्क होता, १९५२ मध्ये तेच मत मातीत गेलं. त्याच वर्षी आंबेडकर राज्यसभेवर गेले, पुन्हा एकल संक्रमणीय मतानेच. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले.

घटना समितीत मात्र प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा जानेवारी १९४९ मध्ये आंबेडकरांनीच तिला विरोध केला. देशात साक्षरता नाही आणि सभागृहाचे तुकडे झाले तर सरकार टिकणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. मला यात विसंगती दिसत नाही. नवजात राष्ट्राला स्थिर सरकार हवं होतं आणि राखीव जागांची हमी घटनेच्या मसुद्यात आली होती. त्यांनी काळ पाहून उत्तर दिलं. आपला काळ पाहून प्रश्न पुन्हा विचारणं हे आपलं काम आहे.

महापालिकेच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करताना हा प्रश्न माझ्या समोर यायचा. चार सदस्यांचा प्रभाग, अ, ब, क, ड अशा चार जागा आणि मतदार विचारायचे, ‘गुरुजी, आमचा एकच माणूस उभा आहे, चारही मतं त्यालाच देता येतील का?’ नियम सांगणं माझं कर्तव्य होतं आणि मी तो सांगितला: प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. पण त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो नव्वद वर्षांपूर्वीच्या या मातीतल्या कायद्याचाच प्रश्न होता. आजच्या प्रभागात एकच मतदारवर्ग चार वेगळ्या लढती ठरवतो, म्हणून जो गट सर्वांत मोठा, त्याला चारही जागा मिळू शकतात आणि पाव हिस्सा लोक एकत्र असले तरी त्यांचा एकही नगरसेवक होत नाही.

बहुसदस्य प्रभाग ठेवायचे असतील, तर मतं एकवटण्याचा हक्कही त्यांच्यासोबत द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. राखीव जागांच्या हिशेबाशी तो कसा जुळवायचा, हे १९३७ च्या नियमांनी दाखवलं आहे. त्यासाठी कुठल्या परदेशाचं उदाहरण शोधायला जायची गरज नाही. आठ रुपये साऱ्याचा शेतकरी, गावकी करणारा महार आणि परळचा गिरणी कामगार यांनी तो हिशेब समजून घेऊन मत दिलं होतं. आजच्या शिकलेल्या मतदाराला तो झेपणार नाही, असं म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.