यंत्राचे ग्रह, माणसाचा आवाज

केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी १९८४मध्ये ‘एलिट’ हा अंतराळातल्या व्यापाराचा गेम आणला. तो चालायचा बीबीसी मायक्रो संगणकावर. मेमरी अवघी ३२ किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. खरं तर ग्रह एकही साठवलेला नव्हता. सुरुवातीला हाताशी असत तीन आकडे. त्यांची ठरावीक रीतीने बेरीज करत गेलं की पुढचे आकडे मिळत आणि त्यांवरून ग्रहाची जागा, राज्यव्यवस्था, नावसुद्धा ठरे. नावांसाठी रोमन अक्षरांच्या जोड्यांची एक छोटी यादी होती. ‘एल-ए’पुढे ‘व्ही-ई’ आलं, की खेळाडू जिथून निघतो तो ‘लेव्ह’ ग्रह तयार.

यंत्राने दिलेलं सगळंच मात्र या दोघांनी ठेवलं नाही. एका ग्रहाचं नाव असभ्य निघालं, तेव्हा ती अख्खी आकाशगंगाच बाद झाली.

‘रोग’ (Rogue) या गेमने १९८०मध्ये तळघरं अशीच रचली होती, २०१६च्या ‘नो मॅन्स स्काय’ने अब्जावधी ग्रह. हा कुणा कलाकाराच्या हक्कावर घाला आहे, असं तेव्हा फारसं कुणाला वाटलं नाही. नियम आणि कच्चा माल दोन्ही गेम करणाऱ्यांचेच होते.

जनरेटिव्ह एआयने नेमका हा कच्चा माल बदलला. चित्रं काढणारी मॉडेल्स असंख्य चित्रकारांच्या कामावर शिकली, आणि त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारलं नव्हतं. २०२३मध्ये गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ची मालक कंपनी व्हॉल्व्हने एआयने केलेल्या भागाच्या हक्कांचा खुलासा नसलेले काही गेम नाकारले. जानेवारी २०२४मध्ये तिने नियम केला: एआयचा वापर असेल तर तसं जाहीर करा, खेळ चालू असताना एआय मजकूर किंवा चित्रं तयार करणार असेल, तर बेकायदा काही निघू नये याची काय तजवीज केली तेही सांगा.

आवाजाच्या कलाकारांचा प्रश्न आणखी जिव्हाळ्याचा होता. जुने संवाद मॉडेलला शिकवले, की कलाकाराने कधीच न उच्चारलेलं वाक्य त्याच्याच आवाजात वाजवता येतं. अमेरिकेतली सॅग-आफ्ट्रा ही कलाकारांची संघटना २६ जुलै २०२४ रोजी गेम कंपन्यांविरुद्ध संपावर गेली. मोशन कॅप्चरसाठी, म्हणजे हालचाली टिपून घेण्यासाठी, पडणारे, धावणारे, तलवार फिरवणारे कलाकारही संरक्षणात हवेत, हा तिचा आग्रह होता. त्यांच्या हालचालींना नुसता ‘डेटा’ म्हणून कसं चालेल? संप जवळपास ११ महिने चालला. जुलै २०२५मध्ये सदस्यांनी मंजूर केलेल्या करारानुसार डिजिटल प्रतिकृतीसाठी कलाकाराची संमती लागते आणि वापर त्याला कळवावा लागतो. संपाच्या काळात नवं काही तयार करण्याची संमती तो स्थगितही करू शकतो. हे कलम फार मोलाचं आहे. ते नसतं, तर कलाकार संपावर असतानाही त्याचा आवाज कामाला जुंपता आला असता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंडी गेम अवॉर्ड्सने ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ला दिलेले दोन पुरस्कार परत घेतले. तात्पुरती म्हणून वापरलेली एआयची काही टेक्श्चर्स गेममध्ये राहून गेली होती. ती लवकरच काढली, तरी आयोजकांचा नियम कडक होता: निर्मितीत जनरेटिव्ह एआय अजिबात नको. स्टीमवर जाहीर केल्यावर जे खपतं, ते इथे अपात्र ठरलं. मॉडेलला शिकवायला ज्यांचं काम वापरलं, त्या बहुतेक चित्रकारांच्या हाती मात्र आवाजाच्या कलाकारांना मिळालं तसं संमतीचं कलम अजून आलेलं नाही.