बाळंतपण, नोकरी आणि पोळी-भाजी

महिला दिन जवळ आला की आमच्या चिंचवडात सत्कारांचे पेव फुटते. शाल, श्रीफळ आणि 'घर सांभाळून उद्योजिका झालेल्या' अशी ओळख. टाळ्या मीही वाजवते. पण यांपैकी किती जणींना मूल झाले म्हणून नोकरी सोडावी लागली, हे व्यासपीठावरून कोणी विचारत नाही. आयुष्यभर इतिहास शिकवल्याने मागे जाऊन पाहायची मला खोड आहे.

मागे म्हणजे थेट गिरणगावात. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. बाई बाळंतीण झाली की पगार बंद, आणि पुष्कळदा जागाही जायची. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचे म्हणणे असे की आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलायला हवा. पण बाईला कामावर घेण्यात मालकाचा फायदा असतोच, तेव्हा तोही जबाबदारी टाळू शकत नाही. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला पहिला! मुंबईत दिवसाला ८ आणे ठरले. भार मात्र एकट्या मालकावर पडला, आणि मालकांनी सोपा हिशेब केला: बाईच नको. (एवढेच एक कारण नव्हते. यंत्रे बदलली, पाळ्या वाढल्या आणि रात्रपाळीला बायकांना बंदी होती.) सत्तरच्या दशकापर्यंत गिरण्यांत बायका अगदी थोड्या उरल्या.

गिरणगावातल्या बायकांच्या हाती मग जी कामे होती त्यात खानावळ आली. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांना दोन वेळ जेवू घालायचे, पैसे पगारानंतर. तोवर किराणा उधार, नाहीतर सावकाराचे व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. त्याआधी त्या बायकांना 'उद्योजिका' कोणी म्हटले नव्हते.

आमच्याकडे १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर कारखाने वाढले. टेल्कोत १९७३ साली कामगारांच्या घरच्या बायकांसाठी गृहिणी संस्था निघाली. लोणची-मसाल्यांपासून गाड्यांना लागणाऱ्या वायरींच्या जुडग्यांपर्यंत सगळे त्या करू लागल्या. मला हा प्रयोग खानावळीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण इथे बायका एकत्र बसल्या आणि कारखान्याचे काम त्यांच्यापर्यंत आले. पण आत शिरायला घरातला माणूस टेल्कोत असावा लागे.

मधल्या काळात कायदे सुधारले. १९४८च्या राज्य विमा कायद्याने भत्त्याचे पैसे विम्यातून मिळायची सोय केली. १९६१च्या कायद्याने रजेवरच्या बाईला कामावरून काढायला मनाई केली. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. तरीही तिची जागा राखून ठेवायची, बदली माणूस शिकवून तयार करायचा, हे मालकाच्याच गळ्यात.

त्यावर उपाय निघाला तो कराराचा. माझी एक विद्यार्थिनी चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायची. बाळ तीन महिन्यांचे असताना तिला कळले की करार वाढणार नाही. तिला काढले नव्हते. मुदत संपली होती! विम्याचे पैसे मिळाले, नोकरी गेली. तिने म्हाळुंग्याला खोल्या करून राहणाऱ्या पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. पहाटे चारला कणीक, कारण पहिली पाळी लवकर असते.

मी तिची वही पाहिली. गॅस, तेल, पीठ, डब्यांचे पैसे, सगळे नीट मांडलेले. स्वतःच्या मजुरीचा रकाना नव्हता. मी तो आखून दिला. पुढच्या महिन्यातही तो कोराच होता.

आता तिने मदतीला शेजारची एक मुलगी ठेवली आहे, नुकते लग्न झालेली. मी सहज विचारले, "हिला दिवस गेले तर पगारी रजा देशील ना?"

ती पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "बाई, पंचवीस डब्यांत ते कसं जमायचं?"