गरिबाची गाय आणि तान्हं लेकरू

"लेकराला शेळीचं दूध चालतं का?" हा प्रश्न आपल्या येरमाळ्याच्या भागात बाळंतिणीच्या खाटेपाशी हमखास निघतो. आजी म्हणते, "माझी चारही त्याच दुधावर वाढली." दवाखान्यातली सिस्टर म्हणते, "वर्षाच्या आत नकोच." मधल्यामध्ये बाळंतीण गप्प बसते. या दोन्ही उत्तरांच्या मागे मोठा इतिहास आहे. आज तोच सांगते.

सुरुवात आपल्या दारातून करू. आपल्या काळ्या शेळीला सरकारदरबारी 'उस्मानाबादी' म्हणतात. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीचं जुनं नाव तिच्यापाशीच राहिलं. बालाघाटाच्या माळावर बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, हाती लागेल ते खाऊन ती जगते. बऱ्याचदा जुळी करडं देते. दूध म्हणाल तर दिवसाला अर्धा ते दीड लिटर, आणि तेही काही महिनेच. १९७२ च्या दुष्काळात जनावरांना कडबा मिळेना, तेव्हा मोठ्या जनावरापेक्षा शेळी जगवणं सोपं होतं. भूमिहीन घरात दूध म्हणजे शेळीचंच. म्हणून आजीचं बोलणं खोटं नाही. तिच्यापुढे गाईचं की शेळीचं असा प्रश्नच नव्हता, शेळीचं की काहीच नाही असा होता.

जुन्या वैद्यांनीही या दुधाची दखल घेतली होती. शेळीचं अंग लहान, खाणं कडू-तिखट पाल्याचं, पाणी थोडं आणि फिरणं फार, म्हणून तिचं दूध हलकं, असं सुश्रुतात कारण दिलं आहे. वाग्भटाने तर आईचं दूध नसेल तर बाळाला शेळीचं किंवा गाईचं दूध द्यावं, असं लिहून ठेवलं. तिकडे फ्रान्समध्ये सोळाव्या शतकात मोंतेन नावाच्या लेखकाने नोंदवलं आहे की, त्याच्या भागातल्या बायांना दूध नसलं की त्या शेळीला बोलावतात. शेळी लेकराचा आवाज ओळखून धावत येई आणि पाजायला उभी राही. पुढे तिथल्या अनाथालयांतही बाळं थेट शेळीच्या आचळाला लावत. आई नसलेलं लेकरू जगवायचं कसं, हा पेच सगळीकडे सारखाच होता.

गांधीजींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. त्यांनी दूध सोडलं होतं. खेड्याच्या सत्याग्रहानंतर ते फार आजारी पडले, डॉक्टर दूध घ्या म्हणून सांगत होते. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली : शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नसावी! ते शेळीचं दूध प्यायले, आणि शब्द पाळला पण व्रताचा आत्मा मोडला अशी खंतही त्यांनी लिहून ठेवली. शेळीच्या दुधाला मान मिळाला तो त्यांच्यामुळे. पण ते मोठ्या माणसाचं दूध होतं, हे आपण विसरतो.

आता दुसरी बाजू. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रज शिपायांना एक चिवट ताप यायचा. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये झमीत या तिथल्याच डॉक्टरांनी शेळ्यांचं रक्त तपासलं आणि उलगडा झाला. वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या कच्च्या दुधातून ताप पसरत होता. १९०६ मध्ये शिपायांचं ते दूध बंद केलं आणि ताप ओसरला. धारोष्ण दूध औषधी असतं म्हणणाऱ्या भाऊजींना ही गोष्ट जरूर ऐकवा.

उकळलं तरी एक कोडं राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जर्मनीतल्या डॉक्टरांना दिसलं की, नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवलेली काही बाळं पांढरीफटक पडतात. लोकांनी त्याला 'शेळीच्या दुधाचा पंडुरोग' असंच नाव दिलं. दूध तर ताजं, बाळ तर पितंय, मग रक्त का घटतं?

याचं उत्तर मिळायची वाट मुंबईतून गेली, आणि तीही बायांच्या दुखण्यातून. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग व्हायचा, कित्येकींचा जीव जायचा. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं. या बायांच्या ताटात काय असतं ते पाहिलं, तसंच खाणं उंदरांना आणि पुढे माकडांना देऊन पाहिलं. मग यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त काळा लेप दिला, आणि रक्त भरून आलं. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्यात नेमकं काय गुण देतं ते मात्र तेव्हा कळलं नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, तो पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याचं नाव फॉलिक अ‍ॅसिड पडलं. शेळीच्या दुधात हेच फार कमी असतं, गाईच्या दुधाच्या साधारण पाचवा हिस्सा. बी-१२ सुद्धा कमीच.

तेव्हा आजीचं आणि सिस्टरचं भांडण असं मिटतं. आजीची चार वाढली, कारण सहा महिन्यांनंतर त्यांना वरणाचं पाणी, भाजीचा रस, भाकरीचा कुस्करा मिळाला असेल, अंगावरचंही चालू असेल. आणि जी वाढली त्यांचीच गोष्ट सांगायला आजी उरली. न वाढलेल्यांची कुणी मोजदाद ठेवली नाही.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. आई नसेल किंवा दूध खरोखरच येत नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरचं काही नको, आणि एकटं शेळीचं दूध तर नकोच. वर्ष झाल्यावर मात्र चांगलं उकळलेलं शेळीचं दूध वाटीतून खुशाल द्या, बाटली नको. त्याचा साका मऊ बसतो, काही लेकरांना ते सोसतं. सोबत मेथी, पालक, डाळ, मूग हवेतच. गाईच्या दुधाने अंगावर गांधी उठत असतील, तर शेळीचं देऊन पाहू नका. बहुतेक वेळा त्यानेही उठतात.

आशाताई सहा महिन्यांपुढच्या लेकरांसाठी रक्तवाढीच्या औषधाची बाटली देतात ना, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर? तिच्यात लोहाबरोबर शंभर मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, परळच्या त्या कामातून पुढे आलेलं. बऱ्याच घरांत ती बाटली न फोडता कोनाड्यात ठेवलेली मी पाहिली आहे.