तबकडी आणि माप

संगणकाच्या पडद्यावरील घड्याळात देवनागरी अंक बसवले, की ते ‘आपले’ झाल्यासारखे वाटते. या भावनेमागील इतिहासाचा एक धागा भिवंडीजवळच्या अंजूरपर्यंत जातो. पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे दाद मागितली. १७३७ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली आणि तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील घंटा त्यांपैकीच मानली जाते. चर्चची घंटा देवळाची झाली. तिच्यावर कोरलेले १७२१ हे इसवी सन मात्र तसेच राहिले.

मुंबईत नेमके उलट घडले. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबईची वेळ’ महापालिकेच्या घड्याळांनी पुढे अनेक वर्षे जपली. तेथे तबकडी विलायतीच होती. आग्रह होता तो मापाचा.

आपले जुने माप वेगळेच होते. घटिकापात्राचा दिवस साठ घटिकांचा, घटिका चोवीस मिनिटांची. आज ते माप मुहूर्तापुरते उरले आहे आणि देवनागरी अंकांखालचा तास साठ मिनिटांचाच आहे. म्हणून अंक बदलणे व्यर्थ ठरत नाही. घंटा वितळवली असती, तर तिच्यावरचे साल आज वाचता आले नसते. रूपांतर मूळही सांभाळते. पण रूपांतर म्हणजे स्वामित्व नव्हे. समीक्षेतील परकीय संज्ञांना आपण मराठी प्रतिशब्द देतो, तेव्हा बदलते ती तबकडी की माप, हा प्रश्न अभ्यासकाने स्वतःला विचारायला हवा.