पहारा आणि नांगर

औंध संस्थानाचे नाव निघाले की सूर्यनमस्कार, चित्रसंग्रहालय आणि कलाप्रेमी राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची आठवण होते. परंतु शिक्षा झालेल्या माणसाला पुन्हा संसारात उभे कसे करावे, या बिकट प्रश्नाची दोन उत्तरे याच लहानशा संस्थानात शोधली गेली, याचा उल्लेख क्वचितच होतो.

पहिल्या उत्तराची सुरुवात बेळगावास होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली तेथे सायकलींचे दुकान काढले व पुढे लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या राज्यात जमीन देऊ केली. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. नव्या वस्तीला रात्रीचा पहारा हवा होता. लक्ष्मणरावांनी तो शिक्षा भोगून आलेल्या काही माणसांच्या हाती सोपविला.

हा केवळ दयेचा व्यवहार नव्हता. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला उपदेश पुष्कळ मिळतो. मिळत नाही ते काम. ज्याच्या धास्तीने लोक दाराला कडी लावीत, त्याच्याच जागरणावर आता वस्ती निर्धास्त निजू लागली. कारखान्याला पहारेकरी लाभले, आणि पहारेकऱ्यांना पगाराबरोबर पत लाभली.

दुसरे उत्तर त्याच संस्थानातील आटपाडीचे. १९३९ साली राजेसाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ कैद्यांची स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांची प्रेरणा तिच्यामागे होती. तेथे उंच तट नव्हता. कैद्याने शेती करावी, कष्टाचे खावे आणि बायकामुलांसह राहावे, अशी योजना होती. आटपाडीचा मुलूख दुष्काळी. तेथे पीक काढणे म्हणजे पावसाशी रोजची झुंज. पण पेरलेले उगवेपर्यंत थांबणारा माणूस पळून जाण्याचा विचार सहसा करीत नाही, आणि घर जवळ असले म्हणजे तो मनानेही थाऱ्यावर राहतो.

याच तालुक्यातील शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली. तिच्यावरील व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली आला व पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गौरविला गेला. चित्रपटात जेलरची करुणा मनात भरते. इतिहासात मात्र जमीन, घर आणि कुटुंब यांचा वाटाही तितकाच मोठा आहे.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. वसाहत मात्र सरकारी तुरुंग खात्याकडे चालू राहिली. या दोन प्रयोगांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. स्वतंत्रपूर शिक्षेच्या काळात माणसाला स्वातंत्र्याची सवय लावते. किर्लोस्करवाडीने शिक्षा संपल्यावर त्याला पोटाचा धंदा दिला. पहिले काम सरकार करू शकते. दुसरे सरकारी हुकमाने साधत नाही. त्यासाठी कारखानदाराने, दुकानदाराने, बागाईतदाराने आपल्या हजेरीपटावर एक नाव लिहावे लागते. सुटलेल्या माणसाच्या पुढील आयुष्याचा निकाल बहुधा त्या एका ओळीवर अवलंबून असतो.