केबल स्ट्रीटचा रविवार

लोकशाही राज्यात मिरवणूक काढण्याचा हक्क कोणाला असावा, हा प्रश्न वरवर फार सोपा दिसतो. ज्याला म्हणून आपले मत मांडावयाचे आहे त्याला तो असावा, असे उत्तर आपण चटकन देऊन टाकतो. परंतु ज्यांना लोकशाहीच बुडवावयाची आहे, आणि ज्यांची मिरवणूक मुद्दाम ज्यांचा द्वेष करावयाचा त्यांच्याच दारावरून निघते, त्यांचे काय? येथे उत्तर देणारा अडखळतो. लंडन शहरात ४ ऑक्टोबर १९३६ रोजी, एका रविवारी, या प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली. एक सरकारने दिले, दुसरे पुढाऱ्यांनी दिले आणि तिसरे गल्लीबोळांतल्या माणसांनी दिले. या तिन्ही उत्तरांची, आणि विशेषतः तिसऱ्याची, नीट तपासणी करावी एवढाच आमचा येथे हेतू आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. टेम्स नदीच्या उत्तर काठाला, लंडनच्या जुन्या किल्ल्यापासून पूर्वेकडे, गोद्यांना लागून जी दाट वस्ती पसरली आहे तिला ईस्ट एंड म्हणतात. त्या काळी ही वस्ती दरिद्री होती. अंधाऱ्या खोल्या, वाढती भाडी, आज काम तर उद्या नाही, असा तेथील संसार. १८८१ नंतर रशियाच्या साम्राज्यात ज्यूंवर जे अत्याचार झाले त्यांतून जीव वाचवून आलेली हजारो कुटुंबे येथे स्थायिक झाली. शिवणकाम, जोडे बनविणे, लाकूडकाम हे त्यांचे धंदे. शेजारीच गोदीत काम करणारे आयरिश कॅथलिक मजूर राहत. धर्म वेगळा, बोली वेगळी, धंदा वेगळा. परंतु १९१२ साली गोदी कामगारांचा संप चिघळला आणि त्यांच्या घरी चूल पेटेनाशी झाली, तेव्हा ज्यू शिंप्यांच्या कुटुंबांनी त्यांची शेकडो मुले आपल्या घरी नेऊन सांभाळली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता ज्याची मिरवणूक होती त्या माणसाकडे वळू. सर ऑस्वल्ड मोस्ले हा खानदानी घराण्यातला, उत्तम वक्ता आणि अतिशय महत्त्वाकांक्षी गृहस्थ. १९१८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटात गेला. पुढे तो मजूर पक्षात शिरला आणि मंत्रीही झाला. बेकारीवरील आपली योजना सरकार मानीत नाही म्हणून १९३० साली त्याने राजीनामा दिला. १९३१ साली त्याने नवा पक्ष काढला, तो निवडणुकीत साफ बुडाला. मग इटलीत मुसोलिनीचे राज्य पाहून येऊन त्याने १ ऑक्टोबर १९३२ रोजी ब्रिटिश फासिस्ट संघ स्थापन केला. त्याच्या अनुयायांचा वेष काळ्या सदऱ्यांचा, सलामी हात उंच करून देण्याची. लॉर्ड रॉदरमियर यांच्या ‘डेली मेल’ पत्राने १९३४ च्या आरंभी या पक्षाचा उघड जयजयकार केला, आणि काही काळ त्याची सभासदसंख्या सुमारे पन्नास हजारांवर गेली असे मानतात. परंतु त्याच वर्षी ७ जून रोजी ऑलिंपिया सभागृहातील सभेत प्रश्न विचारणाऱ्यांना स्वयंसेवकांनी जी बेदम मारहाण केली, तिने सभ्य समाज बिचकला. रॉदरमियर यांनी हात काढून घेतला आणि पक्षाला ओहोटी लागली. तेव्हा मोस्लेने ज्यूद्वेषाचे हत्यार उघडपणे हाती घेतले. ज्यांना काम नाही, धड घर नाही, त्यांना ‘तुमच्या दुःखाचे कारण तुमचा शेजारीच आहे’ असे सांगणे हा जुना आणि स्वस्त उपाय होय. तो उपाय ईस्ट एंडमध्ये चालला, ही कटू गोष्टही मान्य केली पाहिजे.

पक्षाच्या चौथ्या वर्षदिनाच्या निमित्ताने ४ ऑक्टोबरला गणवेशधारी मिरवणूक ईस्ट एंडमधून न्यावयाची आणि शोरडिच, लाइमहाउस, बो व बेथनल ग्रीन या चार ठिकाणी सभा घ्यावयाच्या, असा मोस्लेचा बेत जाहीर झाला. ही मिरवणूक बंद करावी असा अर्ज तेथील ज्यू नागरिकांच्या फासिस्टविरोधी मंडळाने केला, आणि दोन दिवसांत त्यावर जवळजवळ एक लाख सह्या पडल्या. स्थानिक नगराध्यक्षांनीही तेच सांगितले. अर्ज ज्यांच्यापुढे गेला ते गृहमंत्री म्हणजे सर जॉन सायमन!

हे नाव आमच्या वाचकांना परके नाही. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी हेच सायमनसाहेब आपले सातजणांचे कमिशन घेऊन मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा काळ्या निशाणांनी त्यांचे स्वागत झाले होते, आणि ‘सायमन परत जा’ ही युसुफ मेहेरअल्ली यांची घोषणा देशभर गेली होती. त्या निदर्शनांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्याच वर्षी लाहोरला लाठीहल्ल्यात जखमी झालेले लाला लजपतराय पुढे थोड्याच दिवसांत निवर्तले. आता त्याच सायमनसाहेबांनी, मिरवणूक काढणे हा ब्रिटिश नागरिकांचा हक्क असून सरकार तो हिरावून घेणार नाही, असा पवित्रा घेतला. म्हणजे सरकारचे उत्तर असे की मिरवणूक निघेल, आणि तिला वाट करून देण्यासाठी पोलीस राहतील. गुलाम देशातल्या निःशस्त्र निदर्शकांना जे मिळाले नाही ते स्वातंत्र्य राजधानीतल्या गणवेशधारी दलाला मिळाले. स्वातंत्र्याचे तत्त्व खरे असेल, पण ते कोणासाठी आठवते आणि कोणासाठी विसरते हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

दुसरे उत्तर पुढाऱ्यांचे. मजूर पक्ष, त्याचे ‘डेली हेरल्ड’ पत्र, आणि ज्यू समाजाची प्रतिष्ठित प्रतिनिधिसभा या सर्वांनी लोकांना बजावले की त्या दिवशी घराबाहेर पडू नका; दंगल झाली तर फासिस्टांना आयतीच प्रसिद्धी मिळेल. त्या वेळी मजूर पक्षाचे नेते होते क्लेमंट अ‍ॅटली. लाइमहाउसचे ते खासदार, आणि सायमन कमिशनचेही ते एक सभासद होते. हा सल्ला भित्रेपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यामागे विचार होता. पण सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खिडकीखालून ती मिरवणूक जाणार नव्हती. कम्युनिस्ट पक्षानेही आधी त्याच दिवशी ट्रॅफल्गार चौकात स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी सभा ठेवली होती. स्थानिक कार्यकर्त्यांचा रेटा इतका वाढला की पक्षाला आपला बेत बदलावा लागला, आणि छापून तयार असलेल्या पत्रकांवर ‘ऑल्डगेटला या’ असा मजकूर वरून छापून ती वाटण्यात आली.

तिसरे उत्तर रस्त्यावर मिळाले. त्या रविवारी ऑल्डगेटच्या गार्डिनर्स कॉर्नर या नाक्यावर एवढी माणसे लोटली की ट्रॅमगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोणी एक लाख म्हणतात, कोणी तीन लाख. मोस्लेचे अनुयायी सुमारे दोन-तीन हजार होते आणि पोलीस सहा-सात हजार. माद्रिदमध्ये फ्रँकोच्या फौजांना उद्देशून दिलेली ‘पुढे येऊ देणार नाही’ ही घोषणा भिंतींवर खडूने लिहिली गेली होती आणि तीच लोकांच्या तोंडी होती. नाक्यावरून वाट निघत नाही असे पाहून पोलिसांनी दक्षिणेकडील अरुंद केबल स्ट्रीटने मिरवणूक नेण्याचे ठरविले. तेथे लोकांनी एक मालमोटार उलथवून, फळ्या, फर्निचर, फरशा रचून रस्ता बंद केला. घोडेस्वार पुढे आले तेव्हा घोड्यांच्या पायांखाली गोट्या पसरण्यात आल्या, आणि वरच्या मजल्यांतून बायकांनी हाती येईल ते पोलिसांच्या डोक्यावर रिकामे केले. आणि येथेच ती १९१२ ची आठवण कामास आली. या अडसरामागे दाढीवाल्या ज्यू कारागिरांच्या खांद्याला खांदा लावून आयरिश गोदी कामगार उभे होते. शेजाऱ्याच्या लेकरांना घातलेला घास चोवीस वर्षांनी असा फळाला आला.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. केबल स्ट्रीटच्या या ‘लढाई’त फासिस्ट जवळजवळ नव्हतेच. ते किल्ल्याजवळ रॉयल मिंट स्ट्रीटवर रांगा लावून वाट पाहत होते. लढाई झाली ती नागरिक आणि पोलीस यांची. अनेकांची डोकी फुटली आणि ज्यांना अटक झाली त्यांतले बहुसंख्य विरोधकच होते. अखेर पोलीस कमिशनर सर फिलिप गेम यांनी मोस्लेला मिरवणूक पूर्वेकडे नेण्यास मनाई केली. ती पश्चिमेकडे, नदीकाठच्या निर्जन रस्त्याने गेली आणि पांगली. ईस्ट एंडमध्ये त्या रात्री आनंदोत्सव झाला.

लोकांच्या स्मरणात गोष्ट येथे संपते. इतिहासात ती येथे संपत नाही. पुढच्याच रविवारी, ११ ऑक्टोबरला, माइल एंड रस्त्यावर तरुणांच्या टोळ्यांनी ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या आणि दिसेल त्या ज्यूला मारले. लंडनमध्ये फासिस्ट संघाचे सभासद त्या दिवसांत कमी होण्याऐवजी काही हजारांनी वाढले, अशी पोलिसांच्या गुप्त शाखेची नोंद आहे. आणि मार्च १९३७ मध्ये लंडन कौंटी कौन्सिलच्या निवडणुकीत फासिस्ट उमेदवारांना बेथनल ग्रीनच्या एका विभागात सुमारे २३ टक्के, लाइमहाउसला सुमारे १९ टक्के आणि शोरडिचला सुमारे १४ टक्के मते पडली. एकही जागा मिळाली नाही हे खरे. पण पाचांत एक शेजारी त्यांच्या बाजूचा होता, हेही तितकेच खरे. म्हणजे रस्ता अडविला गेला, मन अडविले गेले नाही.

हे ज्यांनी ओळखले त्यांत फिल पिराटिन हा स्टेपनीचा तरुण कार्यकर्ता होता. त्याने असा प्रश्न विचारला की जे गरीब लोक मोस्लेच्या मागे जातात त्यांना काय पाहिजे आहे? त्याचे उत्तर घरभाड्यात होते. १९३७ नंतर स्टेपनीतील भाडेकरूंच्या संघटना उभ्या राहिल्या. गळकी छपरे, घुशी-उंदीर, बेकायदा भाडेवाढ यांविरुद्ध चाळीच्या चाळी भाडे देण्याचे थांबवू लागल्या. पिराटिनने १९४८ साली लिहिलेल्या आठवणींत एक प्रसंग दिला आहे. एका इमारतीत घरमालक ज्यांना बाहेर काढणार होता त्यांत फासिस्टांचे सभासद होते. कम्युनिस्ट व ज्यू शेजाऱ्यांनी जिना अडवून त्यांचा संसार वाचविला. त्यांचा स्वतःचा पक्ष मात्र फिरकला नाही. त्या सभासदांनी आपली पक्षाची कार्डे फाडून टाकली. सांगणारा पक्षाचा माणूस आहे, तेव्हा रंग थोडा गडद असेल. परंतु भाडेकरूंच्या लढ्यांना यश आले, ज्यू आणि ख्रिस्ती भाडेकरू त्यात एकत्र होते, आणि १९४५ साली पिराटिन माइल एंडमधून पार्लमेंटात गेला, हे वादातीत आहे. केबल स्ट्रीटने एका दिवसात मिळविलेली जागा या तीन वर्षांच्या जिकिरीच्या कामाने टिकविली. मोस्लेच्या चळवळीचा शेवट मात्र १९४० साली युद्धाने आणि स्थानबद्धतेने केला, याचे श्रेय रस्त्याला देऊन चालणार नाही.

कायद्याने काय केले तेही पाहू. डिसेंबर १९३६ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९३७ पासून राजकीय गणवेशाला बंदी आली. गणवेश गेला तसा त्या चळवळीचा निम्मा रुबाब गेला, यात शंका नाही. परंतु त्याच कायद्याने मिरवणुकी बंद करण्याचा अधिकारही सरकारास दिला, आणि ईस्ट एंडमध्ये जी बंदी आली ती सर्वच राजकीय मिरवणुकींवर आली. त्यातील अपमानकारक वर्तनाच्या कलमाखाली पुढे डेनिस ब्रूटस या दक्षिण आफ्रिकेतील कवीवर, विंबल्डनच्या मैदानात वर्णद्वेषाविरुद्ध निदर्शने केल्याबद्दल, १९७१ साली खटला झाला. १९७२ साली वरिष्ठ सभागृहाच्या न्यायासनाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, म्हणून ते सुटले. फासिस्टासाठी घडविलेली बेडी कोणत्याही मनगटाला बसते, हा धडा विसरण्यासारखा नाही.

त्याच वस्तीत पुढे ज्यूंची जागा बंगाली मुसलमान कुटुंबांनी घेतली, आणि शिव्या त्याच राहिल्या. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण कामगाराचा तेथे खून झाला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसे त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासापर्यंत चालत गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये निर्वासितांविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा वॉल्थमस्टोमध्ये हजारो नागरिक रस्त्यावर येऊन उभे राहिले आणि दंगलखोर फिरकले नाहीत. परंतु १३ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनमध्ये अति-उजव्या मोर्च्याला पोलिसांच्या अंदाजाने एक लाखाहून अधिक लोक आले, आणि विरोधात सुमारे पाच हजार होते. केबल स्ट्रीटचे गणित त्या दिवशी उलटे झाले. जो पक्ष केवळ डोकी मोजून आपले सत्य सिद्ध करतो, त्याची एक दिवस अशी फसगत होते.

तेव्हा त्या तीन उत्तरांबद्दल आमचा निर्णय असा. सरकारचे उत्तर न्यायाचे नव्हते, कारण ज्याच्या दारात धमकी येते त्याच्या स्वातंत्र्याचा हिशेब त्यात नव्हता. पुढाऱ्यांचे उत्तर अपुरे होते, कारण घरी बसा म्हणून सांगणाऱ्यांनी घरी बसलेल्यांना दुसरे काही काम दिले नाही. लोकांचे उत्तर आम्हांस योग्य वाटते. घाबरविण्यासाठी आलेल्या माणसाला आपण घाबरलो नाही हे दाखवावे लागते, आणि ज्याच्यावर संकट आहे त्याला तो एकटा नाही हे कळावे लागते. पण तेही उत्तर पुरे होते ते दोन कामांमुळे. एक काम त्या रविवारच्या चोवीस वर्षे आधी झाले होते, भुकेल्या मुलांना घरी नेण्याचे. दुसरे त्यानंतर तीन वर्षे चालले, जिन्याजिन्यावर भाडेकरू जमविण्याचे. या दोहोंच्या मध्ये तो रविवार उभा आहे. आज केबल स्ट्रीटवरील जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर त्या दिवसाचे भव्य चित्र आहे. त्या चित्रात घोडे आहेत, अडसर आहेत, उंचावलेल्या मुठी आहेत. १९१२ च्या जेवणाचे ताट आणि भाडेकरूंची वही चित्रात मावण्यासारखी नाही. ती वाचणाऱ्याने मनात भरून घ्यावी.